चालत्या भिंतीचा पिंजरा

मी दाबपिंजरा बोलतोय. दचकायचं कारण नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डरकाळ्या ऐकून घेतल्यावर कुणालाही एकदा आपलं तोंड उघडावंसं वाटतं, आणि मला तर तोंडं दोन आहेत, एक पुढचं दार आणि एक मागचं.

दाबपिंजरा म्हणजे काय, हे प्राणिसंग्रहालयात पॉपकॉर्न चिवडत हिंडणाऱ्यांना ठाऊक नसतं. माझी एक भिंत चालते. बाहेरच्या अंगाला मोटारीच्या स्टिअरिंगसारखं लोखंडी चाक आहे. ते फिरवलं की भिंत आत सरकते, जनावर समोरच्या गजांना चिकटतं आणि त्याला हलता येत नाही. मग गजांमधून सुई टोचा, जखम धुवा, रक्त काढा, काय करायचं ते करा आणि भिंत मागे घ्या. वाघाला 'जरा दंड पुढे करा' असं सांगता येत नाही, म्हणून मी.

सध्या मी मांसाच्या खोलीमागे कुशीवर पडलोय. अंगावर गंज चढलाय. येणारेजाणारे बोट दाखवून सांगतात, "हाच तो. यातूनच वाघांना रोग लागला." ऐकून माझ्या गजागजातून आग निघते. उद्या भंगारवाला गॅसचं कटर घेऊन येणार आहे, म्हणून आजच काय ते बोलून घेतो.

मला घडवलं एका खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्यानं. त्यानं जन्मात वाघ पाहिला नव्हता. माप द्यायला आलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "वाघ म्हणजे साधारण केवढा?"

"तुमच्या या मेहुण्याएवढा," तो माणूस कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या मेहुण्याकडे बघून म्हणाला, "फक्त आडवा."

झालं! मी तयार झालो त्या दिवशी त्या बिचाऱ्याला ओणवं करून माझ्यात घातलं आणि चाक फिरवलं. भिंत त्याच्या पोटाला लागली तसा तो ओरडायला लागला, "भावजी, बस! बस म्हणतो ना! ताईला सांगीन हं!" सगळं वर्कशॉप हसून लोटपोट झालं. माझ्यात शिरलेला पहिला प्राणी तो. पुढे जे जे माझ्यात आले त्यांच्यापैकी कुणालाच 'ताईला सांगीन' म्हणता आलं नाही.

माप द्यायला आलेला तो माणूस म्हणजे वाघांची देखभाल करणारा. त्याच्या मिशा अशा झुबकेदार, की बघायला येणाऱ्या पोरांनी त्याचं नाव मिशीकाका ठेवलं आणि सगळ्यांनी तेच उचललं. त्याच्या बायकोला मग आपोआप मिशीकाकू म्हणायला लागले. ती म्हणायची, "मिशा यांच्या, शिक्षा मला." दोघं संग्रहालयाच्या आवारातच, मागच्या बाजूच्या खोल्यांत राहायची.

माझी जमीन लोखंडाची करायची होती. मिशीकाकाच अडून बसला. "लोखंड उन्हात तापतं, पाय भाजतात. खाली फळ्या घाला. आणि पाणी जायला मध्ये फटी ठेवा." या फळ्या आणि या फटी लक्षात ठेवा.

सुरुवातीची वर्षं माझ्यात आपल्या पायांनी कुणी आलं नाही. चार-पाच माणसं मागे लागायची. पत्र्याचे डबे बडवायचे, काठ्या ढोसायच्या, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. जनावर बिथरून वाट दिसेल तिकडे पळायचं, आणि वाट एकच उघडी ठेवलेली असायची, माझ्या तोंडातली. ते आत आलं की दार धाडकन खाली आणि लगेच चाक.

एक बिबट्या होता. त्यानं माझे गज असे चावले की वरचा एक सुळा मुळातून मोडला. रक्त फळ्यांवरून वाहिलं आणि तो सुळा कुठल्याशा फटीत जाऊन बसला. नंतर त्याला हाडं फोडता येईनात. दोन वाघिणी होत्या, सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरली चालत्या भिंतीला पाठ लावून असा रेटा द्यायची की माझं मळसूत्र करकरायचं. धाकटी आत आली की भीतीनं मुतायची आणि डोळे मिटून घ्यायची.

मला तेव्हा काही वाटत नसे. सुरीला कापल्याचं वाईट वाटत नाही, मग मला दाबल्याचं का वाटावं?

एकदा धाकटीला असंच हाकलताना दार तिच्या पंजावर पडलं. तिनं पंजा ओढला, नख तिथेच राहिलं. ती भिंतीवर, गजांवर, स्वतःच्या अंगावर आपटत राहिली. मिशीकाकानं हातातली काठी गुडघ्यावर मोडली आणि तुकडे भिरकावले.

"बास झालं," तो म्हणाला. "उद्यापासून इथे जो काठी आणील त्यालाच आत घालून दाबीन."

साहेब, म्हणजे संग्रहालयाचे मुख्य, हसले. "मग काय काका, आमंत्रण द्यायचं त्यांना?"

"हो. आमंत्रणच."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कलेजीचा एक तुकडा ताटलीत घालून माझ्या दाराशी ठेवायला सुरुवात केली. दोन्ही दारं उघडी. स्वतः स्टुलावर पाठ करून बसायचा आणि वर्तमानपत्र वाचायचा. वाघिणीला वाटावं, या माणसाला आपलं काही पडलेलं नाही. तुकडा रोज थोडा आत सरकायचा. पुढाकार थोरलीचा. ती आली, खाऊन गेली. परत आली. मग दार खाली आलं तरी ती खात राहिली. मग भिंत हळूच अंगाला टेकली तरी ती ताटली चाटत राहिली. सुई टोचली तेव्हा फक्त शेपटी आपटली.

धाकटीची तऱ्हा वेगळी. ती झडपेशी, म्हणजे कोठडीतून माझ्यात उघडणाऱ्या दाराशी, बाजूला उभी राहायची आणि बहिणीला आधी वाट द्यायची. थोरली आत जाऊन, खाऊन, बाहेर आली, की दोघी नाकाला नाक लावायच्या. थोरली धडधाकट परत आलीय याची खात्री झाली की मगच धाकटी पाऊल उचलायची. यात कधी बदल झाला नाही.

माझं तर जगच पालटलं. माझ्यात आता किंचाळ्या नव्हत्या, नुसतं मचमच खाणं होतं. डॉक्टरीणबाई, आमच्या जनावरांची डॉक्टर, चक्क गुणगुणत सुई भरायच्या. मोडक्या सुळ्याचा बिबट्यासुद्धा यायला लागला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या एका चाकाचा कणा मोडला. मी काही चौथऱ्यावर बसवलेला नव्हतो. खाली चार लहान चाकं होती आणि मला या झडपेपासून त्या झडपेला ढकलत न्यायचे. दुरुस्तीसाठी मला मागे नेलं आणि मिशीकाकाच्या खोलीसमोर झाडाखाली उभं केलं. दुरुस्ती लांबली. साहेबांना फोन केला की ते म्हणायचे, "करतो." साहेबांचं 'करतो' म्हणजे काय, ते तिथल्या माकडांनाही माहीत होतं.

त्या रिकाम्या दिवसांत एक तांबूस कुत्री गटाराच्या भगदाडातून आत आली आणि माझ्यात व्याली.

मिशीकाकू पहिल्यांदा बघायला आली आणि विरघळलीच. मिशीकाका म्हणाला, "अगं, याला वाघाचा वास आहे. ही बया आत शिरलीच कशी?"

"अडलेल्या बाईला वास बघायला वेळ असतो का? आडोसा दिसला, शिरली."

"साहेबांनी पाहिलं तर?"

"साहेबांना चाकाचा कणा दिसत नाही, कुत्री कुठून दिसणार? राहू द्या हो. घारी टपल्यात वर. या गजांतून घार तरी येणार नाही."

तिनं माझं पुढचं दार वीतभर वर ठेवलं, आई येण्याजाण्यापुरतं. मागचं बंद केलं. कुत्रीचं नाव लाली ठेवलं. ती दूध आणून ठेवायची, पिल्लांची तोंडं पुसायची. मी वाघ धरणारा पिंजरा, आणि माझ्या पोटात ते कूंकूं चाललेलं. मला लाज वाटायला हवी होती, पण मला ते आवडलं.

पिल्लं जरा मोठी झाली, हिंडायला लागली आणि एकेक करून सुस्तावली. नाकं वाहायला लागली, डोळे चिकटले. फळ्यांवर त्यांचा शेंबूड, त्यांची ओकारी. काकू कोमट पाण्याच्या फडक्यानं डोळे सोडवायची. एक पिल्लू सारखं तोंड चालवायचं, चघळल्यासारखं, तोंडात काही नसताना.

"सर्दी झालीय," मिशीकाका म्हणाला.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी वरून मोठी माणसं येणार होती. काठी न उगारता वाघ पिंजऱ्यात येतो, हे त्यांना बघायचं होतं. मग मात्र कणा एका दुपारीत बसला.

सकाळी काकूनं पिल्लं एका खोक्यात घालून स्वयंपाकघरात नेली. मिशीकाकानं माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, खराटा मारला. वरचं गेलं, ते फटींत गेलं. मी ओलाच होतो आणि ते मला झडपेकडे ढकलत घेऊन निघाले.

डॉक्टरीणबाई सुट्टीवरून त्याच दिवशी आलेल्या. "धुतलाय ना, काका?"

"चकाचक."

खोटं नव्हता बोलत तो. कुत्र्याच्या पिल्लांची सर्दी आणि वाघ, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत. तुमच्या आल्या असत्या का?

थोरली ऐटीत आली. कलेजी खाल्ली. रस फळ्यांवर सांडला होता, तो तिनं चाटून चाटून घेतला, फटींत जीभ घालून. बाहेर गेली, धाकटीच्या नाकाला नाक लावलं. धाकटी आली. मग मला बिबट्याच्या झडपेशी नेलं. मोठी माणसं टाळ्या वाजवत होती. साहेबांनी मिशीकाकाच्या पाठीवर थाप मारली. त्याच सुमारास स्वयंपाकघरातलं पहिलं पिल्लू पाय झाडत मेलं.

एक-दोन आठवड्यांनी थोरलीनं कलेजी हुंगली आणि तोंड फिरवलं. मिशीकाकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या डोळ्यांतून घाण येत होती, श्वास घरघरत होता. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, रक्त तपासायला लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर येईपर्यंत करता येण्यासारखं सगळं केलं.

मग तिचं तोंड चालायला लागलं. चघळल्यासारखं, तोंडात काही नसताना. ते कुठे पाहिलंय हे मला माहीत होतं. पण लोखंडाला कोण विचारतं?

पुढचं सांगताना माझे सांधे आजही करकरतात. दोघी बहिणी कोठडीत होत्या. मी झडपेला लावून उभा होतो. थोरली पडली, चारही पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. धाकटी तिला चाटायला गेली. झटका ओसरला आणि थोरली उठली, पण उठली ती थोरली नव्हती. तिनं समोर जे हललं त्याच्या मानेत दात रोवले. जे हललं ती धाकटी होती.

धाकटीनं आधी प्रतिकारच केला नाही. ती बहिणीपुढे आडवी पडली, पोट वर करून, लहानपणी पडायची तशी. थोरलीनं तिला तशीच फरपटली, भिंतीवर आपटली, खांद्याचं मांस सोलून काढलं. तेव्हा कुठे धाकटी उलटली. मग दोघी एकमेकींना फाडत सुटल्या. कोठडीच्या भिंतींवर माणसाच्या उंचीपर्यंत रक्त उडालं. मिशीकाका फवारा मारत होता, ओरडत होता, "थोरले! अगं बये, बहीण आहे ती तुझी! सोड!" त्या पाण्याच्या माऱ्यात दोघी क्षणभर सुट्या झाल्या आणि त्यानं मधलं सरकतं दार ढकलून लावलं. एका बाजूला धाकटी कोपऱ्यात थरथरत बसली. दुसऱ्या बाजूला थोरलीनं दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. ती आपटतच राहिली. दात मोडले, जबडा फाटला, तरी आपटत राहिली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, हे आता थांबवायला हवं. तिच्यासाठीच."

"कलेजी ठेवतो. येईल ती," मिशीकाका म्हणाला.

त्यानं ठेवली. थोरली ताटलीवरून चालत गेली, तिला ती दिसलीसुद्धा नाही. साहेबांनी काठ्या मागवल्या. पुन्हा डबे, पुन्हा फवारा, पुन्हा तोच कल्लोळ. जी रोज आपणहून यायची तिला मारत मारत माझ्यात कोंबलं. मागे मधल्या दाराच्या गजांमधून धाकटी हे सगळं बघत होती.

चाक मिशीकाकानंच फिरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. थोरलीनं भिंतीला पाठ लावून रेटा दिला, तसाच, पहिल्या वर्षांतला. मी तिला दाबून धरली. सुई गेली. तिचा रेटा हळूहळू कमी झाला आणि मग मला फक्त तिचं वजन जाणवत राहिलं. तिला मागच्या दारानं बाहेर काढली. मधलं दार उघडलं, तशी धाकटी पुढच्या दाराशी येऊन नाक लावून उभी राहिली. बहीण बाहेर यायची वाट बघत राहिली.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. डॉक्टरीणबाई मोबाइल हातात घेऊन माझ्याजवळ आल्या. मिशीकाका माझे गज पुसत होता. काकू त्याचा डबा घेऊन आली होती.

"कुत्र्यांचा रोग आहे हा," बाई म्हणाल्या. "विषाणूचा. नाकाडोळ्यांतून सुरू होतो, छातीत उतरतो आणि शेवटी मेंदूत जातो. वाघ, सिंह, बिबटे, कुणालाच सोडत नाही. काका, इथे कुठे कुत्रं आलं होतं का?"

मिशीकाकाच्या हातातलं फडकं गजावर तसंच राहिलं.

काकूनं डबा खाली ठेवला. "आमच्या लालीची पिल्लं यातच होती. चारही गेली. शेवटी शेवटी तोंडं अशीच चालवायची."

"आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही?" बाईंचा आवाज चढला. "मी विचारलं होतं ना, धुतलाय का?"

"धुतला होता, बाई," मिशीकाका म्हणाला. "मला वाटलं... कुत्र्याची सर्दी ती."

"मी म्हटलं होतं त्यांना, राहू द्या म्हणून," काकू म्हणाली. "त्यांना नका बोलू."

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? मी कुत्रीला बोलावलं नव्हतं आणि वाघिणीलाही नाही. माझ्याच तोंडाशी रोज घास ठेवला गेला आणि एकाच ताटलीपाशी सगळ्यांना आणलं गेलं. ते प्रेमानंच केलं होतं, आणि रोगाला तेच सोयीचं पडलं.

मिशीकाकानं डबा उघडला नाही. त्या दिवसापासून तो काकूशी बोलायचाच थांबला. भांडण नाही, शिवी नाही. तिनं 'अहो' म्हटलं की उठून जायचा.

मग त्यांनी मला सोलला. सगळ्या फळ्या उपटून जाळल्या. बिबट्याचा तो सुळा राखेत सापडला. गजागजावर आगीचा झोत फिरवला, जंतुनाशकानं न्हाऊ घातलं, नव्या फळ्या बसवल्या. बाकीच्या जनावरांना फुंकनळीनं लांबून लस टोचली. बिबट्याला उशीर झाला होता. सगळ्यांचं लक्ष वाघिणीकडे असताना तो म्हातारा आपल्या कोपऱ्यात झटके खात खात मेला. सकाळी पाहिलं तेव्हा त्याचे उरलेले दात पाण्याच्या लोखंडी भांड्यात रुतलेले होते.

आणि धाकटीचे डोळे चिकटायला लागले.

तिचा खांदा चिघळला होता, ताप होता. बाई म्हणाल्या, "रोज सलाइन, रोज इंजेक्शन, झटके यायच्या आत औषध सुरू व्हायला हवं. बेशुद्ध करायची म्हटलं तर एवढ्या अशक्तपणात उठायची नाही. ती पिंजऱ्यात आली पाहिजे."

"येईल की," साहेब म्हणाले. "काठ्या आहेत."

"काठीनं ती तिथेच मरेल," मिशीकाका म्हणाला. "बहिणीला काठीनंच आत नेताना पाहिलंय तिनं."

साहेबांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला.

कलेजी ठेवली. धाकटी झडपेशी आली, बाजूला सरली आणि उभी राहिली. थोरलीला आधी वाट. थोरली कुठून येणार? उभी राहून राहून तिचे पाय लटपटले, तरी ती आत येईना.

मिशीकाका तिच्याकडे बघत होता. एकाएकी तो उठला, तिच्या बाजूचं माझं दार खाली ओढलं, मागच्या दाराशी गेला आणि ओणवा होऊन माझ्यात शिरला. एवढा धिप्पाड माणूस. नव्या फळ्यांवर रांगत रांगत पुढे आला, ताटलीशी बसला. मध्ये फक्त गज. धाकटीचं नाक त्याच्या तोंडापासून हातभर लांब.

"काका, अहो काय करताय!" बाई ओरडल्या.

तो तिथेच थोडा वेळ बसला. मग धाकटीला दिसेल असा वळला, रांगत मागच्या दारानं बाहेर पडला आणि फेरा मारून झडपेच्या गजांपाशी आला. नाक पुढे केलं. धाकटीनं हुंगलं. खूप वेळ हुंगलं.

मागचं दार लागलं, पुढचं वर झालं. धाकटी माझ्यात आली.

त्यानं तिच्या हनुवटीखाली खाजवायला गजांतून हात घातला. बाईंनी सुई उचलली. आणि तेवढ्यात झटका आला.

तिचा जबडा मिटला तो त्याच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. झटक्यात तिचं अंग उसळलं, डावीउजवीकडे फेकलं जायला लागलं आणि प्रत्येक हिसक्यासरशी तो गजांवर आपटत होता. आणखी एक-दोन हिसके, की हात खांद्यापासून निघाला असता. साहेबांची दातखीळ बसली होती. बाईंना टोचायला अंग एका जागी सापडेना.

"चाक!" बाई किंचाळल्या. "चाक फिरवा कुणीतरी!"

चाकावर दोन हात पडले. ते हात माझ्या ओळखीचे होते. याच हातांनी माझ्यात पिल्लांची तोंडं पुसली होती. काकूनं आयुष्यात कधी ते चाक फिरवलं नव्हतं. ती सगळं अंग टाकून फिरवायला लागली. माझी भिंत सुटली.

"आणखी! आणखी!" बाई सांगत होत्या. "आता हळू. बरगड्या मोडतील. हळू!"

"हात तोडा माझा, पण तिला चिरडू नका!" मिशीकाका ओरडला.

"तुम्ही गप्प बसा हो!" काकू ओरडली. "मला कळतंय कुठे थांबायचं ते!"

मी आजवर शेकडो वेळा दाबलंय. पण त्या दिवशी माझ्या भिंतीला तिच्या एकेका बरगडीची हालचाल कळत होती आणि चाकावरून काकूच्या तळव्यांचा जोर. सूतभर जास्त, तर वाघीण गेली. सूतभर कमी, तर काकाचा हात. काकू थांबली. बरोबर तिथेच थांबली. धाकटी गजांना चिकटून स्थिर झाली, सुई गेली, आणि थोड्या वेळानं तिचा जबडा सैल पडला.

हात बाहेर आला. दोन बोटं आत राहिली. काकूनं पदर फाडून हात गुंडाळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," तो म्हणाला, "चाक मागे घे. तिला श्वास घेऊ दे."

बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता.

धाकटी जगली. रोज आली, रोज टोचून घेतलं. काकू चाकावर आणि काका डाव्या हातानं कलेजी देणारा. ताप उतरला, खांदा भरला. एक मागचा पाय मात्र झोपेतसुद्धा टणकन उडतो. बाई म्हणतात, तो तसाच उडत राहणार.

त्यानंतर बरंच काही बदललं. आता प्रत्येक कोठडीला तिची वेगळी दाबभिंत आहे, एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून. चांगलंच झालं. गटाराचं भगदाड बुजवलं. काकू आसपासच्या गल्ल्यांतली कुत्र्यांची पिल्लं गोळा करते आणि बाई त्यांना लस टोचतात. लालीच्या गळ्यात पट्टा आलाय. मिशीकाकाला दोन बोटं नाहीत म्हणून साहेबांनी तिकिटाच्या खिडकीवर बसवलंय. वाघिणीकडे नवा माणूस आलाय. आणि मी इथे.

माझं काही मागणं नाही. लोखंड आहे, वितळून कुठेतरी खिडकीचं ग्रिल होईन, जिथून सुरुवात झाली तिथे. फळ्या तेवढ्या कुणी चुलीला नेऊ नका, जाळायच्या तर इथेच जाळा. आणि घरात कुत्र्याची पिल्लं आणलीत तर त्यांना वेळेवर टोचून घ्या, सर्दी म्हणून सोडू नका.

बोलायचं आहे ते त्या नव्या माणसाशी. इथून कुशीवर पडल्या पडल्या मला वाघिणीची झडप दिसते. रोज तू कलेजी ठेवतोस, धाकटी उडत्या पायानं येते आणि झडपेशी बाजूला सरून उभी राहते. तू ओरडतोस, "चल गं, नखरे पुरे झाले!" काल तर तू हातात काठी घेतलीस.

काठी ठेव बाबा खाली. नखरे नाहीत ते. थोडा वेळ थांब, ती आपणहून आत जाईल. रोज जातेच. ती फक्त आधी थोरलीला वाट देतेय.